रामजी तीन, आपला कोणता? मॉरिशसच्या मराठी पूर्वजांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे घराणे मॉरिशसमध्ये वाकवा भागातले, आडनाव रामजी. मूळपुरुष १८५० च्या सुमारास मुंबईहून जहाजाने आले, गाव रत्नागिरीकडचे, एवढेच आजी सांगायची. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या जुन्या नोंदींत त्या काळातले तीन रामजी निघाले. एक रत्नागिरी जिल्ह्यातला, वय २५, बापाचे नाव बाबाजी. दुसरा सावंतवाडीचा, वय ३०. तिसऱ्याचे गावच लिहिलेले नाही. रत्नागिरीचा तो आमचा, असे धरून चालावे का?
– एक वाचक, वाकवा

उत्तर : धरून चालू नका. सावंतवाडीचा माणूसही परमुलखात आपले गाव ‘रत्नागिरीकडचे’ असेच सांगणार, आणि तिसऱ्याबद्दल तर काहीच ठाऊक नाही. तिघांतला आपला कोण, हे जहाजाच्या नोंदवहीवरून ठरत नाही. ते तुमच्या घरच्या दाखल्यांवरून ठरते, म्हणून शोध स्वतःपासून मागे न्यायचा.

स्वतःचा जन्मदाखला, मग वडिलांचा जन्म आणि लग्न, मग आजोबांचे, असे सिव्हिल स्टेटस ऑफिसातून (जन्म, लग्न, मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीतून) एकेक पिढी मागे जा. मधली एकही पिढी गाळू नका. दाखल्याचा छोटा उतारा घेऊन भागत नाही, मूळ नोंदीची पूर्ण नक्कल मागा. उताऱ्यात नाव आणि तारीख असते. पूर्ण नोंदीत बापाचा धंदा, राहण्याचे ठिकाण (बहुतेकदा उसाच्या मळ्याचे नाव) आणि साक्षीदार असतात. बाप स्वतः भारतातून आलेला असेल, तर पुष्कळदा त्याच्या नावापुढे इमिग्रेशन नंबरही असतो. तुम्हाला हवा आहे तो हा नंबर.

करारावर आलेल्या मजुराला पोर्ट लुईला उतरल्यावर नंबर मिळे. मजूर उतरवून घेण्याच्या डेपोची ती जागा म्हणजे आजचा आप्रवासी घाट. पुढे त्याच्या तिकिटावर (म्हणजे मजुराच्या ओळखपत्रावर), करारावर, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदीत तोच नंबर येत राहतो. रामजी शेकडो असतील, पण त्या नंबराचा रामजी एकच. नंबर मिळाला की जहाजाच्या नोंदवहीत नाव शोधत न बसता थेट नंबर उघडा. तिथे बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि आल्याची तारीख असे रकाने दिसतील. अगदी सुरुवातीच्या वर्षांत यातले बरेच कोरे असतात.

नंबर वाचताना घोटाळा होतो. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ७, ३ आणि ८ एकमेकांसारखे दिसतात. याला एक खात्रीची चाचणी आहे. नंबर जहाजावारी ओळीने दिले जात, म्हणून तुम्ही वाचलेल्या नंबराच्या मागचे-पुढचे दहा-वीस नंबर पाहा. ती माणसे कलकत्त्याच्या जहाजातली निघाली, तर कोकणातल्या रामजीचा तो नंबर नव्हे, एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे.

नंबर कुठेच मिळाला नाही, तर एकेक रामजी वगळत जावे लागते. कामाचा पसारा इथे वाढतो, पण निकाल लागतो तो यानेच. अंदाजी सालाच्या पाच वर्षे अलीकडे आणि पाच वर्षे पलीकडे मुंबईहून आलेले सगळे रामजी एका तक्त्यावर उतरवा. तीनच सापडले याचा अर्थ बहुधा एकाच स्पेलिंगने शोध झाला. लिहिणारे कारकून इंग्रज किंवा फ्रेंच वळणाचे. त्यांनी शेवटी कुठे ‘जे-ई-ई’ लिहिले, कुठे ‘जी-ई-ई’, कुठे मधे ‘डी’ घातला. लक्ष्मणचा ‘लक्सिमन’ आणि गोपाळचा ‘गोपॉल’ याच हातांनी झाला. रामजी हे नाव बिहारी आणि गुजराती माणसाचेही असते, त्यामुळे बंदराचा रकाना आधी पाहा.

मग प्रत्येकापुढे त्याचा शेवट लिहा. मूळ नोंदीच्या कडेला मृत्यूची किंवा भारतात परत गेल्याची टीप पुष्कळदा असते. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसे परत गेली, म्हणून हा रकाना फार उपयोगी. तुमच्या घराण्यातले पहिले मूल जन्मण्याआधीच जो वारला किंवा परत गेला, तो गळला. मात्र परत गेलेला माणूस पुन्हा आला असेल तर नव्या नंबराने आलेला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवा.

उरलेल्यांत वयावर फार भिस्त ठेवू नका. वये अंदाजाने लिहीत, म्हणून २०, २५, ३० असे गोल आकडेच जास्त दिसतात. मृत्यूच्या नोंदीतले वय तर शेजाऱ्याने सांगितलेले असते. पाच-सात वर्षांच्या फरकाने कोणाला बाद करू नये. बापाचे नाव, मळा आणि बायको ही तीन कलमे जुळली पाहिजेत.

बायकोचा माग काढण्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि खरा उलगडा तिथेच होतो. मुंबईहून आलेल्या स्त्रिया पुरुषांच्या मानाने थोड्या होत्या, आणि भारतातून आलेल्या स्त्रीलाही स्वतःचा नंबर असे. रामजी पुष्कळ, पण ‘रामजी आणि सकू’ हे जोडपे बहुधा एकच. धार्मिक विधीने झालेले लग्न सरकार दरबारी धरले जात नसे, म्हणून मुलांच्या जन्मनोंदीत कधी फक्त आईचेच नाव असते. त्याने नाउमेद होऊ नका. मुले मोठी झाल्यावर आईबापांनी नोंदणी लग्न केल्याची उदाहरणे बरीच आहेत, आणि त्या नोंदीत आधी झालेल्या मुलांची नावे येतात. असा एक कागद मिळाला तर अख्खे कुटुंब एका पानावर येते.

आडनावाबद्दलही सांगायला हवे. मूळपुरुष आला तेव्हा रामजी हे त्याचे पाळण्यातले नाव होते. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागले आणि पुढे तेच आडनाव होऊन बसले. म्हणून आज शेजारच्या गावात राहणारे दुसरे रामजी तुमचे भाऊबंद असतीलच असे नाही. उलट, तुमच्या मूळपुरुषाच्या दुसऱ्या मुलाची शाखा भलत्याच आडनावाने नांदत असेल. नुसत्या आडनावावरून वंशवृक्ष जोडू नका.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाची विशेष तरतूद जाहीर केली. तेव्हापासून ‘जवळपास जुळतो’ असा रामजी घेऊन अर्ज करण्याचा मोह वाढला आहे. कार्डासाठी लागते ती दाखल्यांची सलग साखळी. चुकीचा पूर्वज एकदा कागदावर चढला की पुढच्या पिढ्या तोच उतरवून घेतील.

प्रश्न : नोंदीत गाव ‘माणगाव’ आणि जिल्हा ‘रुटनागेरी’ असा आहे. आम्ही रायगडमधल्या माणगावात चौकशी केली, पण कोणालाच काही माहीत नाही.
– एक वाचक, कात्र बोर्न

उत्तर : जिल्हा रत्नागिरी लिहिला असताना रायगडला जाण्याचे कारण नव्हते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, आणि आजच्या सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातही एक माणगाव आहे. मात्र तो मुलूख तेव्हा सावंतवाडी संस्थानाचा. नोंदीत ‘रुटनागेरी’ असेल, तर कारकुनाने संस्थान आणि जिल्हा एक केले का, की रत्नागिरीतच या नावाची एखादी वाडी आहे, हे दोन्ही तपासा. परगण्याचा रकाना इथे कामी येतो. त्यात ‘सेवर्नड्रूग’ असेल तर सुवर्णदुर्ग, म्हणजे दापोलीकडचा भाग. ‘विझियाड्रूग’ म्हणजे विजयदुर्ग. परगण्याच्या जागी ‘बॉम्बे’ असेल तर ते चढल्याचे बंदर समजा, गाव नव्हे.

गावी गेल्यावर सातबारा मागू नका, तो इतका मागे जात नाही. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यू असतात, पण तेही बहुतेक ठिकाणी तुमचा माणूस निघून गेल्यानंतरचे. त्यात त्याच्या भावाच्या नातवंडांचा शोध घ्या. मजकूर मोडीत असेल, तर वाचणारा सोबत न्या. घरात कुलदैवताचे नाव टिकून असेल तर तेही सांगा. रवळनाथ किंवा सातेरी असेल तर रोख दक्षिण कोकणाकडे आणि गोव्याकडे जातो. हा पुरावा नव्हे, फक्त दिशा.

प्रश्न : पूर्वज १८५० च्या आधी आलेला, पण त्याचा फोटो आहे असे सांगतात. हे कसे शक्य आहे?

उत्तर : शक्य आहे. तिकिटावर फोटो लावण्याची पद्धत १८६० च्या दशकात आली, आणि १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही फोटोचे तिकीट सक्तीचे झाले. फोटोतला चेहरा आल्यावेळचा नाही, पंधरा-वीस वर्षांनंतरचा आहे. वय मोजताना हे लक्षात घ्या, आणि फोटोसोबतचा नंबर दाखल्यातल्या नंबराशी पडताळूनच प्रत घ्या.

प्रश्न : जातीच्या रकान्यात ‘मराठा’ आहे. हे पक्के मानावे का?

उत्तर : नाही. मुंबईहून आलेल्या मराठी बोलणाऱ्या माणसाला कारकून सरसकट ‘मराठा’ लिहून मोकळा होत असे. त्याच जहाजातल्या इतरांपुढे काय लिहिले आहे ते पाहा. सगळ्यांपुढे एकच शब्द असेल तर तो मुलूख किंवा भाषा सांगतो. काहींपुढे कुणबी, काहींपुढे महार, काहींपुढे मराठा असे वेगवेगळे असेल, तर माणसाला विचारून लिहिले असण्याचा संभव जास्त.