सायलेंट हंटर ३ या दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीच्या गेममध्ये रात्रीचा हल्ला पाण्यावरून करावा की पाण्याखालून?

पाण्यावरून. तुम्ही लिहिलंय की वर राहिलं की एस्कॉर्टला, म्हणजे राखणीच्या युद्धनौकेला, लगेच दिसतो म्हणून बुडी मारतो, आणि मग मालवाहू जहाजांचा काफिला हातचा जातो. जाणारच. टाइप सात-सी ही जर्मन पाणबुडी पाण्यावर १७.७ नॉट पळते. पाण्याखाली जास्तीत जास्त ७.६, तेही बॅटरी भराभर संपवून. काफिला सात-आठ नॉटनं चाललाय. कसे गाठणार?

हाच वाद माझा आत्येभावाशी, दादाशी, आजवर चालू आहे. गेमची सीडी त्यानंच वर्ध्याहून आणली होती, म्हणून उन्हाळाभर हक्कही त्याचाच. मी बोट वर ठेवली की मागून आवाज यायचा, "पाणबुडी हाय का डोंगा? वर काहून ठेवतो बे?"

मे महिन्यातल्या एका रात्री लाइन गेली. इन्व्हर्टरवर कूलर किंवा कॉम्प्युटर, दोन्ही एकदम नाही. दादा चटई घेऊन गच्चीवर गेला, मी कॉम्प्युटर निवडला. स्क्रीनवर काळोखातली जहाजं दिसावीत म्हणून डोक्यावरून चादर घेतली. नागपूरच्या मे महिन्यात. घाम कीबोर्डवर ठिबकत होता. चंद्र काफिल्याच्या पलीकडे येईल अशा बेतानं मी अलीकडच्या अंधारात बोट थांबवली. त्यांची जहाजं चांदण्यात काळी कापून काढल्यासारखी, मी मात्र काळ्यावर काळा. एस्कॉर्टकडे कायम नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, कूस कधीच नाही, आणि वेग अगदी कमी. गेममधला पहारेकरी तुमचा आकार, वेग, उजेड आणि लाटा हेच जोखतो. तुम्ही दिसताय ते बहुधा कूस दाखवून जोरात पळताय म्हणून. एस्कॉर्ट पुढे सरकला तसा दोन रांगांच्या मधे घुसलो. नळ्यांत जी-७-ए टॉर्पेडो होते. त्यांच्या बुडबुड्यांचा माग दिवसा दिसतो, रात्री कोण बघतंय? चार सोडले, दोन मालवाहू फुटले. तिसऱ्याला लागणार तेवढ्यात इन्व्हर्टरनं टूं टूं केलं आणि स्क्रीन काळी. सेव्ह केलेलं नव्हतं.

सकाळी दादा म्हणे, "सपनात बुडवले असशील."

संध्याकाळी त्याला फुटाळा तलावावर नेलं. पलीकडच्या झाडीच्या काळोखात एका मासेमाराची नाव होती, वल्ह्याचा आवाज येत होता पण ती काही केल्या दिसेना. मग ती चौपाटीच्या दिव्यांच्या प्रतिबिंबावर आली आणि माणसाची टोपीसुद्धा दिसली. म्हटलं, बघ, हेच. दादा भुट्टा खात म्हणाला, "तो डोंगाच हाय ना."

नेम कसा धरायचा हे तुम्ही विचारलंच आहे, तर काफिल्याच्या वाटेशी काटकोनात उभे राहा. जहाज ८ नॉटनं जात असेल आणि टॉर्पेडो ३० नॉटचा असेल, तर ते नाळेच्या सरळ रेषेत यायच्या साधारण १५ अंश आधी सोडा. ४४ नॉटचा असेल तर १० अंश पुरतात. बाकी नेमाचा हिशेब करणाऱ्या यंत्राला बोटही लावू नका.

आणि हे गेमवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. यू-९९ या जर्मन पाणबुडीचा कप्तान ओटो क्रेचमर रात्री पाण्यावरूनच काफिल्याच्या रांगांत शिरायचा. ऑक्टोबर १९४०मध्ये एससी-७ काफिल्याच्या ३५ जहाजांपैकी २० बुडाली, त्यातली बहुतेक याच पद्धतीच्या हल्ल्यांत. एस्डिक, म्हणजे एस्कॉर्टचं आवाजाच्या लहरींनी शोधणारं यंत्र, पाण्याखालच्या बोटीसाठी असतं, वर तरंगणारी त्याला सहसा सापडत नाही. दादाला हे मी छापील कागदावर दाखवलंय.

हां, एक राहिलं. तुमची मोहीम कुठल्या सालात आहे ते तुम्ही लिहिलं नाही. वरचं सगळं १९३९-४०चं. मार्च १९४१मध्ये यू-१०० या दुसऱ्या जर्मन पाणबुडीला एका ब्रिटिश विनाशिकेनं रडारवर हेरून धडक दिली, आणि त्याच रात्री क्रेचमरही पकडला गेला. पुढे दहा सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार आलं, विमानंही आली. १९४३ खेळत असाल तर वर राहू नका, मरता.

दादा १९४३च खेळायचा. हे मला मागच्या वर्षी त्याच्या मुलीच्या बारशाला कळलं, जेवताना, त्याच्याच तोंडून. मी म्हटलं, मग तेव्हा सांगायचं ना! तर म्हणे, "तू कुठं विचारलं?" पण त्या रात्रीचे दोन मालवाहू तो अजूनही मोजत नाही.