वाचकांचे प्रश्न : हॉप्सचे पीक, पुरवठा आणि भाव

बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या वेलीच्या शंकूसारख्या फुलांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. काही कोकणातून आली आहेत, काही कोकण सोडून परदेशी गेलेल्यांची आहेत, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे हा गुन्हा आहे, मग ती विकायची असो वा स्वतः प्यायची असो. त्या हेतूने साहित्य बाळगणेही त्याच कायद्यात येते. बिअर करण्याविषयीची उत्तरे त्यामुळे जिथे तशी मुभा आहे तिथे राहणाऱ्या वाचकांसाठीच आहेत, असे समजावे.

प्रश्न : मी मूळचा रत्नागिरीचा. सध्या इंग्लंडमध्ये राहतो आणि घरी वीस-वीस लिटर बिअर करतो. अमेरिकेत हॉप्स गरजेपेक्षा जास्त झाले म्हणून शेतकरी वेली उपटत आहेत, असे वाचले. मग माझी शंभर ग्रॅमची पिशवी स्वस्त का होत नाही? सप्टेंबरची तोडणी होईपर्यंत थांबून खरेदी करावी का? (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : आपल्याकडे मोहोर पाहून आंब्याची बाग व्यापाऱ्याला करारावर देतात, हे आपण पाहिलेच असेल. हॉप्सच्या व्यापारात हीच रीत आहे, फक्त करार एका हंगामाचा नसून बहुधा तीन-चार वर्षांचा असतो. मोठ्या ब्रूअरी (बिअरचे कारखाने) कोणते वाण किती लागेल हे व्यापाऱ्याला आधीच सांगून ठेवतात, त्या हिशेबाने शेतकरी लागवड करतो, आणि तोडणीच्या दिवशी बराचसा माल कोणाच्या ना कोणाच्या नावावर झालेला असतो. जो उरतो तो रोखीच्या बाजारात येतो. घरी बिअर करणाऱ्याला माल पुरवणारा छोटा दुकानदार बहुतेक या उरलेल्या मालावर जगतो, त्यामुळे टंचाईची झळ त्याच्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा लागते आणि मुबलकतेचा फायदा सगळ्यात शेवटी पोचतो.

टंचाई कशी येते याचे २००७ हे वर्ष चांगले उदाहरण आहे. त्याआधीची काही वर्षे भाव पडलेले होते आणि शेतकऱ्यांनी लागवड कमी करत आणली होती. शिल्लक साठ्यावर बाजार चालला होता, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर आले नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतल्या याकिमा शहरात एका गोदामाला आग लागली आणि अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाचा सुमारे चार टक्के भाग जळून गेला. त्यात युरोपातले पीकही खराब आले. पौंडाला दोन-चार डॉलरने मिळणारे हॉप्स रोखीच्या बाजारात वीस डॉलरच्या घरात गेले, तेही मिळाले तर. बोस्टन बिअर कंपनीने २००८ मध्ये आपल्या साठ्यातले वीस हजार पौंड हॉप्स छोट्या ब्रूअरींना खरेदीच्या भावात देऊ केले, यावरून टंचाईची कल्पना यावी.

आता उलट परिस्थिती आहे. वॉशिंग्टन, ओरेगन आणि आयडाहो या तीन राज्यांत मिळून २०२१ मध्ये साठ हजार एकरांच्या आसपास हॉप्स होते. २०२४ मध्ये ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले. पण वेली उपटल्या त्या भाव आणखी पडू नयेत म्हणूनच, हे ध्यानात घ्यावे. शिवाय सिट्रा, मोझॅइक यांसारखी सध्या मागणी असलेली वाणे खासगी मालकीची आहेत, ती परवान्याशिवाय कोणी लावू शकत नाही, आणि किती एकरांत लावू द्यायची हे मालकच ठरवतात. ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून तयार झालेले कॅस्केड हे वाण मात्र कोणीही लावू शकतो. म्हणून मुबलकतेच्या वर्षी आधी स्वस्त होतात ती कॅस्केडसारखी खुली वाणे.

आणि मुख्य मुद्दा असा की, आपण पिशवीसाठी जे पैसे मोजता त्यात हॉप्सची किंमत फारच थोडी असते. अमेरिकन शेतकऱ्याच्या हाती गेल्या काही वर्षांत पौंडामागे सरासरी पाच-सहा डॉलर पडले आहेत. तिथल्याच दुकानात घरगुती ग्राहक एका औंसाला दोन-तीन डॉलर देतो, आणि पौंडात सोळा औंस असतात, म्हणजे तोच पौंड बत्तीस ते अठ्ठेचाळीस डॉलरला पडला. मधला फरक सुकवलेले शंकू दळून त्यांच्या गोळ्या करणे, हवा काढून नायट्रोजन भरलेली पिशवी, शीतगृह, वाहतूक आणि छोट्या पुड्या बांधण्याची मजुरी यांचा आहे. शेतावर भाव एक डॉलरने उतरला तरी आपल्या पिशवीवर त्याचा परिणाम चिल्लरीएवढाच दिसणार.

म्हणून सप्टेंबरची वाट पाहण्यात अर्थ नाही. तोडलेला माल गोळ्या होऊन दुकानात यायला वर्षअखेर उजाडते. पैसे वाचवायचे असतील तर दोन गोष्टी कराव्यात. पिशवीवर पिकाचे वर्ष छापलेले असते. नवे पीक आले की दुकानदार आदल्या वर्षीचा माल उतरत्या भावात काढतो. तो बंद पिशवीत आणि थंड जागी राहिला असेल तर बेलाशक घ्यावा. दुसरे म्हणजे, नुसत्या कडवटपणासाठी महाग सुवासिक वाण उकळत बसू नये. कडवटपणा हॉप्समधल्या अल्फा आम्लांवर ठरतो आणि त्यांचा टक्का पिशवीवर लिहिलेला असतो. टक्का गुणिले ग्रॅम असा हिशेब केला तर बारा टक्क्यांच्या मॅग्नम वाणाचे पंचवीस ग्रॅम आणि तीन टक्क्यांच्या झाट्स वाणाचे शंभर ग्रॅम कडवटपणात साधारण सारखेच भरतात. झाट्स वासासाठी शेवटी घालावे, मॅग्नम सुरुवातीला उकळावे, एवढ्यावर वर्षाला जी बचत होते ती बाजाराचा अंदाज बांधून होत नाही.

प्रश्न : आमच्या सुपारीच्या बागेत मिरीच्या वेली आहेत. तशीच हॉप्सची वेल चढवता येईल का? परदेशातून कंद आणून देण्याची एका ओळखीच्या गृहस्थांची तयारी आहे. (एक बागायतदार, सावंतवाडी)

उत्तर : चढवता येईल, पण तिला शंकू धरणार नाहीत, किंवा मूठभर धरतील. हॉप्सची वेल पस्तीस ते पंचावन्न अक्षांशांच्या पट्ट्यातली आहे. जर्मनीच्या हालरटाउ भागात जूनमध्ये दिवस सोळा तासांचा असतो. तेवढ्या लांब दिवसात वेल फुलत नाही, नुसती वाढते, पाच ते सात मीटर उंचीच्या तारेवर जाऊन पोचते, आणि दिवस लहान होऊ लागले की अंगावर भरपूर फुटवे असताना फुलते. सावंतवाडीत सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपासचा. वेलीला वाटते हंगाम संपत आला, आणि ती कमरेएवढी झाली नाही तोच फुलू लागते. ब्राझीलमध्ये शेतात रात्री दिवे लावून दिवस लांबवतात आणि पीक घेतात, पण तो खर्च आणि आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस यांचा मेळ बसत नाही. केवडा रोगासाठी याहून चांगली हवा सापडायची नाही. शिवाय मिरीला सुपारीची सावली मानवते. हॉप्सला भर ऊन लागते.

भारतात हॉप्स होतात ते हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात, तिथली थंडी अनुकूल असल्यामुळे. कंदाविषयी मात्र स्पष्ट सांगतो : लागवडीसाठी वनस्पतीचा कोणताही भाग परदेशातून आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. सामानातून गुपचूप आणलेल्या एखाद्या कंदाबरोबर काय येईल ते मिरीच्या बागेला परवडणारे नाही. गृहस्थांना नम्रपणे नको म्हणावे.

प्रश्न : माझे घरगुती निवासाचे छोटे काम आहे. पाहुण्यांसाठी कोकम आणि हॉप्स घालून बिनमद्याचे पेय करायचे आहे. पुण्याहून शंभर ग्रॅमची पिशवी मागवली. पहिल्यांदा छान वास आला, दोन महिन्यांनी तीच पिशवी उघडली तर जुन्या चीजसारखा आंबूस वास. माल खराब दिला का? (एक वाचिका, मालवण)

उत्तर : पहिल्यांदा वास चांगला होता म्हणजे माल चांगला होता, बिघडला तो आपल्याकडे. हॉप्सच्या शंकूत पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी, चिकट पूड असते, तिच्यातच आम्ले आणि तेले असतात, आणि हवा व उष्णता हे तिचे वैरी. कॅस्केडसारख्या वाणातली अल्फा आम्ले वीस अंश तापमानात सहा महिन्यांत निम्म्याने घटतात. मालवणच्या स्वयंपाकघरात वीस अंश कधी असतात? तापमान पंधरा अंशांनी खाली आणले की ऱ्हासाचा वेग साधारण निम्मा होतो, म्हणून जागा फ्रीझरमध्येच, आणि तीही हवाबंद. मीही एकदा चूक केली आहे. जुलैत दोन दिवस वीज नव्हती. फ्रीझरमधली पिशवी ओलावली असेल म्हणून मी ती उघडून पाहिली आणि क्लिप लावून तशीच परत ठेवली. बंद राहिली असती तर काही झाले नसते. गणपतीपर्यंत तिला पायमोज्यांचा वास येऊ लागला.

तेव्हा पिशवी आली की त्याच दिवशी दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या कराव्यात, एकेक पुडी हवा दाबून काढून बंद करावी आणि लागेल तेव्हा एकच फोडावी. शंभर ग्रॅमची पिशवी ग्रॅममागे स्वस्त पडते, पण अर्धी टाकून द्यावी लागली तर ती छोट्या पुडीपेक्षा महाग झाली.

पेयासाठी पाणी उकळून ऐंशी अंशांपर्यंत निवू द्यावे, लिटरमागे एक-दीड ग्रॅम गोळ्या टाकाव्यात. गोळी पाण्यात पडताच फुगते आणि भिजवलेल्या मेंदीसारखा हिरवा लगदा होतो, म्हणून पंधरा मिनिटांनी दुहेरी सुती कापडातून न पिळता गाळावे; पिळले की तुरटपणा उतरतो. गार झाल्यावर आगळ घालावे. आगळातले मीठ हॉप्सचा कडवटपणा सौम्य करते, त्यामुळे वेगळे मीठ घालू नये. हॉप्स सगळ्याच जंतूंना रोखत नाहीत, तेव्हा पेय फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे. साखर घातलेले पेय बाहेर राहिले तर आंबते, आणि मग ते बिनमद्याचे राहत नाही. पाहुण्यांना पैसे घेऊन देणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीत या पेयाचा समावेश आहे की नाही तेही पाहून घ्यावे.

प्रश्न : गाळून उरलेला हॉप्सचा चोथा गुरांना किंवा कुत्र्याला घातला तर चालेल का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : कुत्र्याला मुळीच नाही. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याचे शरीरतापमान धोकादायकरीत्या वाढते आणि तो दगावू शकतो. वापरलेला चोथाही घातकच. उघड्या खड्ड्यातही टाकू नये, त्यातल्या माल्टच्या (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड वासाने कुत्रे तिथे हमखास जाते. खोल पुरावा किंवा झाकणाच्या खतकुंडीत घालावा. गुरांनाही घालण्याची गरज नाही.

प्रश्न : हॉप्स महाग आहेत आणि मला घरच्या चवीची बिअर करायची आहे. त्यांच्याऐवजी तिरफळ वापरता येईल का? (मूळ वेंगुर्ल्याची वाचिका, सध्या ऑकलंड)

उत्तर : हॉप्सऐवजी नाही, हॉप्सबरोबर वापरता येईल. तिरफळाला लिंबाच्या सालीसारखा वास आहे आणि जिभेला मुंग्या आणणारा गुण आहे, पण अल्फा आम्ले नाहीत. म्हणजे हॉप्ससारखा कडवटपणा येणार नाही आणि बिअर आंबवणाऱ्या जंतूंना ते रोखणार नाही. स्वस्त, जास्त टक्क्यांच्या हॉप्सने कडवटपणा साधावा आणि महाग सुवासिक हॉप्सची जागा तिरफळाला द्यावी, म्हणजे खर्चही उतरेल. बांगड्याच्या तिखल्यात आपण तिरफळ वाटत नाही, किंचित ठेचून वरून घालतो. इथेही तेच करावे. काळी बी काढून टाकावी, टरफल ठेचावे आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटे भांड्यात ठेवावे. वीस लिटरला पाच ग्रॅमपासून सुरुवात करावी, कारण जास्त झाले तर काढता येत नाही आणि ओठ बधिर होतात.

न्यूझीलंडच्या हॉप्सचा हंगामही वेगळा आहे. नेल्सन भागातली तोडणी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चमध्ये होते, तेव्हा स्थानिक वाणे वर्षाच्या मध्यावर ताजी मिळतील. अमेरिकन वाणे तोवर वर्षभराची होत आलेली असतात. तिरफळे वेंगुर्ल्याहून नेणार असाल तर ऑकलंडला उतरताना जाहीरनाम्यात ती लिहावीच लागतात. बिया घरीच काढून, फक्त कोरडी टरफले वेगळ्या पारदर्शक पिशवीत वरच ठेवावीत, म्हणजे अधिकाऱ्याला दाखवताना बॅग उपसावी लागणार नाही. ती आत नेऊ द्यायची की नाही हे तोच ठरवील.