'इजिमे'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: जपानी कादंबऱ्यांत शाळेतल्या ज्या 'इजिमे'चं, म्हणजे मुलांनी मुलांच्याच केलेल्या छळाचं, चित्रण येतं, तिला मराठी अनुवादात 'रॅगिंग' म्हटलं तर चालेल का? आणि जो मुलगा त्यात सापडतो, त्याला 'बळी' म्हणावं का?

'रॅगिंग' नको. तो शब्द ऐकला की कॉलेजचं होस्टेल आणि सीनियर डोळ्यांपुढे येतात. इजिमे चालते एकाच वर्गातल्या, बरोबरीच्या मुलांत. समाजशास्त्रज्ञ मोरिता योजी यांनी तिचे चार थर मांडले: छळणारे, ज्याचा छळ होतो तो, हसत बघणारे आणि गप्प राहणारे. 'दादागिरी'ही नको, त्यात उरलेला वर्ग दिसतच नाही. सरळ 'छळ' लिहावं, पहिल्या उल्लेखात 'वर्गातला छळ'.

इजिमेचाच एक प्रकार 'शिकातो', म्हणजे ठरवून एखाद्याची दखलच न घेणं. हानाफुदा या जपानी पत्त्यांत दहाव्या महिन्याच्या पानावर मान वळवलेलं हरीण असतं, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. इथे 'कट्टी' हमखास चुकते, कारण कट्टी तोंडावर सांगून घेतली जाते. शिकातोत कुणी काही सांगतच नाही. म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडून 'तो वर्गात नाहीच, असं सगळे वागू लागले' एवढं लिहावं.

'बळी'बाबत मात्र फार जपायला हवं. कावाकामी मिएको यांच्या २००९च्या 'हेवन' या कादंबरीत निवेदक चौदा वर्षांचा, डोळ्याने तिरळा. कादंबरीभर त्याचं नाव कळत नाही. छळणारी मुलं त्याला 'रोंपारी' म्हणतात, म्हणजे एक डोळा लंडनकडे, दुसरा पॅरिसकडे. मराठीत तिथे 'चकण्या'च हवं, पण फक्त त्या मुलांच्या तोंडी. निवेदनात तो शब्द शिरला, की मुलगा स्वतःकडे त्यांच्या नजरेने बघतोय असं होतं.

तसाच छळ होणारी कोजिमा म्हणते की आपल्या सोसण्याला अर्थ आहे. छळणाऱ्यांतला मोमोसे निवेदकाला म्हणतो, अर्थबिर्थ काही नाही, तुझ्या डोळ्याचाही संबंध नाही. तू समोर होतास, इतकंच. या दोघांच्या मध्ये तो मुलगा 'मी कोण' हे शोधतोय. 'बळी'ला यज्ञाचा वास आहे. तो निवेदनात घातला, की अनुवादकाने कोजिमाच्या बाजूने कौल दिला. 'सोसणारा'चंही तेच.

जपानीत 'इजिमेक्को' म्हणजे छळणारा, 'इजिमेरारेक्को' म्हणजे ज्याला छळतात तो. क्रियापद एकच, फक्त प्रयोग बदलतो. मराठीतही तेच करावं: 'मला छळतात'. 'सोसणं' कोजिमाच्या संवादांपुरतं राखून ठेवावं.