सगळे 'मस्त आयडिया' म्हणतात, मग कर्ज काढू का?

प्रश्न: नमस्कार सर, मी आणि माझी जाऊ मिळून निवडलेल्या पालेभाज्या, सोललेला लसूण, खवलेला नारळ घरपोच द्यायचं ठरवतोय. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर जवळपास सगळ्यांनी अंगठा दिला. अ‍ॅप बनवणारा 4 लाख सांगतोय. कर्ज काढावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, कर्ज आत्ता नको. कल्पना मला मनापासून आवडली, पण अंगठा द्यायला पैसे पडत नाहीत ना, त्यामुळे त्यावर विसंबू नका. तुमचं सगळं गणित एकाच गृहीतकावर उभं आहे, की नोकरी करणारी बाई आदल्या रात्री पैसे भरून, बाजारापेक्षा चढ्या भावाने निवडलेली मेथी मागवेल. आधी तेवढंच तपासा, त्याला अ‍ॅप लागत नाही.

1999 मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्नला ऑनलाइन बूट विकायचे होते, पण पायात घालून बघितल्याशिवाय बूट कोण घेणार हा प्रश्न होताच. त्याने ना गोडाऊन घेतलं ना माल भरला, जवळच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट घेऊन पाठवून दिले. सुटत काहीच नव्हतं, पण लोक न बघता पैसे भरतात हे पक्कं कळलं. त्यातूनच झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली, पुढे 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली.

तुम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्या, पैसे आधीच जीपेवर. आणि सुरू करायच्या आधी वहीत आकडा लिहून ठेवा, समजा 20 घरांपैकी 8 घरांनी दुसऱ्या आठवड्यात परत मागवलं तरच पुढे जायचं, आणि नंतर तो आकडा खाली आणायचा नाही, हे फार महत्त्वाचं आहे कारण एकदा कष्ट केले की 3 घरंसुद्धा पुष्कळ वाटायला लागतात. मावशी-आत्याच्या ऑर्डरी मोजू नका. पहिली ऑर्डर लोक कौतुकानेही देतात, खरी दुसरी.

ज्यांनी परत मागवलं नाही त्यांना 'आवडलं का' विचारू नका, त्या आठवड्यात भाजी कुठून आणली, कोणी निवडली ते विचारा. मेथी संध्याकाळपर्यंत काळी पडली असेल तर तेही तिथेच कळेल. मग एकच गोष्ट बदला, म्हणजे भाव तोच ठेवून फक्त लसूण-नारळ देऊन बघा, भाव आणि माल दोन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते समजणारच नाही.