तोशिबा टी१२०० लॅपटॉप फक्त ६४० के (किलोबाइट) दाखवतो, बाकीची मेमरी कुठे गेली?

भाऊ, हिंगणघाटकडच्या बंद जिनिंगमधून आणलेलं तुमचं मशीन सुरू होतं, ही अर्धी लढाई जिंकलीच. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची चेकडिस्क आज्ञा ६,५५,३६० बाइट दाखवते म्हणून १ एमबीतली ३८४ के मेमरी जळाली, असं तुम्हाला वाटतंय. जळालेली नसणार. चिपा किंवा बोर्ड शोधायला निघू नका. माझ्या आर्वीच्या मशीनसाठी नागपुरात एकाने ‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून सांगितलं आणि मी महिनाभर बोर्ड शोधत हिंडलो. बोर्ड ठणठणीत होता.

हे १९८७ चं मशीन, आत ८०सी८६ प्रोसेसर. त्याला पत्त्याच्या तारा वीसच, म्हणजे एकूण १०२४ के पत्ते. त्यातले खालचे ६४० के डॉसचे. वरचे ३८४ के पत्ते पडदा, बायोस (मशीन सुरू करणारा, चिपेतच भरलेला प्रोग्राम) वगैरेंसाठी राखलेले. तुमच्या उरलेल्या ३८४ के चिपा बोर्डावर आहेत, पण त्यांना थेट पत्ताच नाही. शेत आहे, पांदण नाही, असं समजा.

पांदण काढायचे दोन मार्ग तोशिबानेच ठेवलेत. एक हार्ड रॅम, म्हणजे त्या मेमरीची ड्राइव्ह बनवायची. दुसरा ईएमएस. यात वरच्या पत्त्यांत ६४ के ची एक खिडकी असते आणि तिच्यातून १६ के ची चार पानं आळीपाळीने आत-बाहेर होतात. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ही पद्धत ठरवली, म्हणून जुने लोक तिला ‘लिम’ म्हणतात. कोणता मार्ग घ्यायचा ते मशीनच्या सेटअप प्रोग्राममध्ये ठरतं. ईएमएस घेतलं तर कॉन्फिग.सिसमध्ये, म्हणजे डॉस सुरू होताना वाचतं त्या फाइलमध्ये, याच मशीनचा ड्रायव्हर लागतो. हायमेम हा डॉसचा मेमरी ड्रायव्हर इथे चालणार नाही, त्याला किमान २८६ प्रोसेसर हवा. जिनिंगचे हिशेब लोटसच्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये असतील तर मी डोळे झाकून ईएमएस घेईन, कारण मोठी शीट तिथेच मावते. हार्ड रॅम बॅटरीच्या जिवावर टिकते आणि इतक्या वर्षांच्या बॅटरीवर माझा भरवसा नाही.

खालची मेमरी पूर्ण आहे का, ते स्वतः बघा. डॉसच्या फ्लॉपीवरून डिबग हा प्रोग्राम चालवा. नुसती आडवी रेघ दिसेल. तिच्यापुढे ‘डी ४०:१३ एल२’ टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ‘८० ०२’ असं उमटेल. आकडे उलटे ठेवलेले असतात, म्हणून ते ०२८० वाचायचं. हे आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पायावरचे (हेक्स), त्यामुळे ८० म्हणजे १२८: दोन गुणिले २५६, अधिक १२८, बरोबर ६४०. बायोसने सुरू होताना मोजलेला आकडा हाच. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्या रात्री झोप आली नाही, इतका आनंद झाला.

एक कळकळीची विनंती. पुन्हा करंट देण्याआधी मशीन उघडा. बॅटरीपाशी हिरवट-पांढरी बुरशी किंवा कपॅसिटरखाली ओलसर, मासळीसारख्या वासाचा डाग असेल तर आधी तो साफ करा, नाहीतर बोर्डावरचे पट्टे खाल्ले जातात. आणि सध्याच्या उन्हात दुपारी पडदा अख्खा काळवंडला तर घाबरू नका, उष्णतेने एलसीडी तसाच होतो. पहाटे लावून बघा.

‘८० ०२’ ऐवजी ‘०० ०२’ आलं तर मात्र ५१२ के च मोजली गेली आहे. तसं झालं तर बोर्डाचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, पुढचं मिळून पाहू.