जोडाचं वय काय?

पत्र (थोडक्यात): ताई, मी सांगली जिल्ह्यातला. वय ४२. एके काळी चैत्रातल्या यात्रांच्या पोस्टरवर सगळ्यात मोठा फोटो माझा असायचा. नऊ वर्षांपूर्वी गुडघ्यानं दगा दिला आणि कुस्ती सोडली. आता दुधाचा धंदा बघतो. यंदा आमच्या यात्रा कमिटीनं एक नंबरची कुस्ती माझी नेमली आहे, इनाम एक लाख. तीन महिने पहाटे जोर-बैठका चालू आहेत, अकरा किलो वजन उतरवलंय. बायकोनं अबोला धरलाय. डॉक्टर म्हणतात गुडघ्याचा भरवसा नाही. जोड आमच्याच तालमीतला, माझ्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे त्या बाजूनं काळजी नाही. एकदा शेवटचं मातीत उतरावं असं फार वाटतं. उतरू का? — एक पैलवान

पैलवान,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. गुडघ्यावर दीड पान. वहिनींच्या अबोल्यावर एक. खुराकावरही बरंच काही. बदाम किती आणि तूप किती हे मला आता तोंडपाठ झालंय. आणि ज्याच्याशी कुस्ती करायची त्याच्यावर एक ओळ. त्याचं वयसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही.

"त्या बाजूनं काळजी नाही" म्हणजे काय हो?

गुडघा तुमचा आहे, मोडलात तर तुम्ही निस्तराल. वहिनी आज ना उद्या बोलतील, आणि बोलतील तेव्हा तुम्हाला अबोलाच बरा होता असं वाटेल. त्या दोन्हींबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला त्या पोराबद्दल बोलायचंय.

बावीस-तेवीसचा असेल, नाही का? तालमीत आला तेव्हा माती खणायला लावली असेल तुम्ही. त्या मातीत ताक, तेल, हळद मिसळायला शिकवलं असेल. पहिला पट तुम्हीच काढून दाखवला असेल त्याला. अजूनही तो रोज तुमच्या पाया पडून मातीत उतरत असणार. आता यात्रेच्या दिवशी, हलगी कडकडत असताना, सगळ्या गावासमोर त्यानं त्याच पायांना हात घालून पट काढायचा. काढेल तो? तुम्ही त्याच्या जागी असता तर तुमच्या वस्तादांचा काढला असता?

काढलाच आणि दोन मिनिटांत तुम्हाला चीतपट केलं, तर गाव त्याला खांद्यावर घेणार नाही. "खाल्ल्या घराचे वासे मोजले" म्हणेल. नाही काढला, हात आखडता घेतला, तर गॅलरीतले म्हातारे गप्प बसतील असं वाटतं तुम्हाला? मी लहान असताना मामा मला कुस्त्यांना न्यायचे. बायका-पोरींनी मैदानाकडे फिरकायचं नसायचं, मी मामांच्या धोतराला धरून बसायची. एकदा रंगात आलेली कुस्ती अर्धी टाकून मामा उठले. "चल, हे ठरवून आलेत," एवढंच म्हणाले. मला तर दोघं जिवाच्या आकांतानं लढताना दिसत होते. मामांना त्या थोरल्या पैलवानाचं नाव पुढं कधी आठवलं नाही. धाकट्याचं मात्र दर यात्रेला काढायचे, नूराच्या, म्हणजे ठरवून केलेल्या कुस्तीच्या, गोष्टीत. तुमची कारकीर्द झालेली आहे. त्याच्या कपाळावर हा शिक्का बसला तर पुढची पंधरा वर्षं तो घेऊन हिंडेल.

मुहम्मद अलीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पण बहुतेक अलीच्या बाजूनं. १९८० च्या ऑक्टोबरात, वयाच्या ३८ व्या वर्षी, दोन वर्षांच्या खंडानंतर तो लास व्हेगासला रिंगणात उतरला. वजन त्यानंही भरपूर उतरवलं होतं आणि दिसत होता अगदी झकास. समोर होता लॅरी होम्स. हा होम्स उमेदवारीच्या काळात अलीचाच सरावातला जोडीदार होता, त्याच्याकडून मार खात शिकलेला. दहा फेऱ्या होम्स त्याला मारत राहिला आणि मध्येच पंचाकडे बघत राहिला, की थांबवा हे. शेवटी अलीच्याच कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी यानं लढत थांबवली. नंतर रडला तो जिंकलेला होम्स. जगज्जेतेपद राखूनही त्या रात्रीचं कौतुक त्याच्या वाट्याला आलं नाही. आणि गंमत बघा, हाच होम्स पुढे निवृत्ती सोडून १९८८ मध्ये २१ वर्षांच्या टायसनसमोर उभा राहिला आणि चौथ्या फेरीत आडवा झाला. म्हणजे रडूनही अक्कल येत नाहीच. तुमच्या जातीचा रोगच आहे तो.

तुम्ही मला जॉर्ज फोरमनचं उदाहरण द्याल, दहा वर्षं घरी बसून परत आला आणि ४५ व्या वर्षी जगज्जेता झाला म्हणून. द्या. पण १९९४ मध्ये त्याच्यासमोर होता तो मायकेल मूरर, २६ वर्षांचा, फोरमनचं काडीचंही देणं नसलेला. नऊ फेऱ्या त्यानं म्हाताऱ्याला बिनदिक्कत चोपला.

असा कुणी तुमच्यासमोर उभा केला असता, समजा पंजाबातला, तुमचं नावही न ऐकलेला, तर "काळजी नाही" लिहिलं असतं का तुम्ही? तो गोळा पोटात येतो ना, तेच तुमच्या "उतरू का"चं उत्तर. मला विचारायला नको.

तेव्हा एकच करा. ही जोड मोडा. पोस्टर छापायला जायच्या आत, उद्याच. कमिटीकडे नंतर जा, आधी पहाटे तालमीत जाऊन त्या पोराला स्वतः सांगा. खरं कारण द्यायचं नाही, "तुझ्यासाठी करतोय" असलं तर मुळीच नाही. गुडघ्यावर ढकला, तेवढ्या तरी कामाला येऊ दे तो गुडघा. मग कमिटीला म्हणा, एक नंबरला त्यालाच ठेवा, समोर बाहेरचा कुणीही तगडा आणा.

आणि सांगताना त्याच्या तोंडाकडे बघू नका. तोंडानं तो "नको वस्ताद, तुम्ही उतराच" म्हणेल. त्याच्या खांद्यांकडे बघा.