कणकुंबीकडच्या ओढ्यांचा पूरधोका काढताना

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या ओढ्यांपासून सुरुवात करताय, तर आधी उंचीचा नकाशा तपासा. युरोपच्या कोपर्निकस उपग्रह-योजनेचा ३० मीटरच्या चौकटींचा डेम (म्हणजे उंचीचा डिजिटल नकाशा) फुकट मिळतो, पण कणकुंबी-जांबोटीच्या दाट रानात तो जमीन नाही, झाडांचे शेंडे मोजतो. रस्त्याचा भराव त्यात बांधासारखा आडवा येतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये डोळे झाकून डेममधले खड्डे भरलेत की प्रवाह भलतीकडेच वळतो. म्हणून यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत लावा, प्रत्येक मोरीच्या जागी डेममधला भराव कापा, मगच पाणलोट काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

पाणलोटाच्या टोकापासून मोरीपर्यंत पाणी किती वेळात पोचतं, हे किर्पिचच्या सूत्राने, म्हणजे ओढ्याची लांबी आणि उतार यांवरून काढा. ओढा ६ किमी, उतार ०.०३ असेल तर साधारण ६१ मिनिटं. इथे दिवसभराच्या पावसाचा आकडा काय कामाचा? आयमर्गचे, म्हणजे नासाच्या उपग्रहांवरून काढलेल्या पावसाचे, अर्ध्या तासाचे आकडे घ्या. मात्र त्याची चौकट सुमारे ११ किमीची, आणि घाटमाथ्याचा पाऊस तो बऱ्याचदा कमी दाखवतो. जवळच्या पर्जन्यमापकाशी पडताळाच.

सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं खरं, पण उपग्रह पुन्हा येईपर्यंत ओढा उतरलेला असतो. त्यामुळे पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी मोरीच्या भिंतीवरची गाळाची रेघ टेपने मोजून आणा.